वरातीच्या गाडीची जाळी

त्या हिवाळ्यात मला शिंकेची भीती बसली होती. स्वतःच्या नव्हे, अण्णांच्या शिंकेची.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, साताऱ्याचे. माझे वडील लवकर गेले. माझं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं अण्णांनीच पाहिलं. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा ते ऑपरेशनसाठी सांगलीला माझ्याकडं आले. ऑपरेशन झालं, भिंग बसलं, टाके पडले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "एकच डोळा आहे, लक्षात ठेवा. वारा नको, धूळ नको, दणका नको. आणि जोरात खोकायचं नाही, शिंकायचं नाही. टाका तुटला तर आतलं बाहेर येतं."

ते शेवटचं वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. त्या दिवसापासून आमच्या घरात मिरचीची फोडणी बंद झाली. शेजारच्या गल्लीत चटणी कांडायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की मी धावत जाऊन खिडक्या लावायचो. बायको केर काढायची ती पाणी शिंपडून. अण्णांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचं काम माझं. बाटली धरलेला हात इतका थरथरायचा की थेंब गालावर पडायचा. शेवटी बायको म्हणाली, "द्या इकडं. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त आजारी दिसताय."

मोठी अडचण होती तपकिरीची. अण्णा जन्मभर तपकीर ओढत आले होते. बंडीच्या खिशात पितळेची डबी असायची. ती मी काढून घेतली आणि माझ्या ड्रॉइंगच्या सामानाच्या पेटीत ठेवून दिली. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर होतो, त्या पेटीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे.

"आरं, डबी दे की," अण्णा दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

"डॉक्टरांनी शिंकायचं नाही म्हणून सांगितलंय, अण्णा."

"तपकिरीनं शिंक येती ती नव्या मान्साला. मला कवा बघितलंस शिंकताना?"

खरंच कधी पाहिलं नव्हतं. पण भीतीला असलं काही पटत नाही.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. अण्णांकडं एक उघडी मोटार होती. परदेशी बनावटीची, लांबोडी, दोन दारांची, कापडी टप असलेली. कुण्या हौशी माणसाकडून अण्णांनी ती तरुणपणी घेतली आणि साताऱ्यात वरातीसाठी द्यायला सुरुवात केली. नवरा-नवरी लोकांना नीट दिसावीत म्हणून त्यांनी टप कायमचा काढून टाकला. टपाच्या कमानी गेल्या, कापड गेलं, त्या जागी फुलांचा मखर बांधायला नुसत्या कड्या उरल्या. शहरातल्या निम्म्या वराती त्या गाडीतून निघाल्या असतील. पुढं बँड, त्याच्यापुढं नाचणारी पोरं, मागून पहिल्या गियरमध्ये गाडी आणि स्टिअरिंगवर फेटा बांधलेले अण्णा. ती गाडी आयुष्यभर माणसाच्या चालीनं चालली. नजर अधू झाल्यावर अण्णांनी ती माझ्या हवाली केली होती, म्हणून ती सांगलीत माझ्या दाराशी उभी होती.

त्या माघात अण्णांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. माझ्या चुलतभावाची, दादाची, ती थोरली मुलगी. वरात अर्थातच घरच्या गाडीतून निघणार होती. म्हणजे गाडी साताऱ्याला न्यायची होती आणि अण्णांनाही. दादानं फोनवर सांगितलं, "अण्णांना टॅक्सीनं आण, काचा बंद करून. गाडी कुणीतरी मागनं आणंल."

शहाणपणाची गोष्ट होती ती. मी हो म्हणालो.

अण्णा पलीकडं खुर्चीत बसून ऐकत होते. "म्हंजी माझी गाडी मोकळी जानार आन मी दुसऱ्याच्या गाडीत?"

"वारा लागेल, अण्णा."

"सगळा जलम ह्या गाडीत बँडच्या मागं चाललो रं. ती पळती कशी ते मला ठावंच न्हाई. आता परत दिसाया लागलंय तर एकदा बघू दे की."

मी तिथं नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "वाऱ्याची सोय करता येते का बघतो."

हे मी निम्मं अण्णांसाठी म्हणालो. उरलेलं निम्मं मला ती उघडी गाडी एकदा हायवेला पळवायची होती म्हणून. आणि आपण नकाशे काढणारा माणूस, वाऱ्याची सोय म्हणजे काय मोठं, असाही एक ताठा होता. भीती आणि हौस एकाच वेळी माणसात राहू शकतात हे मला तेव्हा कळलं. दोघी एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत.

पुढून वारा येतो, तर पुढं अडवावा, असा माझा सरळ हिशेब. नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून ॲक्रिलिकची शीट आणली, करवतीनं कापली, कडा घासल्या आणि पुढच्या काचेच्या वर दोन पट्ट्यांनी बसवली. काच हातभर उंच झाली. रविवारी सकाळी बायकोला अण्णांच्या जागी बसवून मी माधवनगरच्या रस्त्याला गाडी काढली. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता.

जरा वेग आला आणि काहीतरी फडफडलं. बघतो तर तिचा पदर उलटा होऊन तिच्या तोंडावर आलेला. तिनं तो मागं सारला. तो परत पुढं आला. 

"अहो, वारा मागून येतोय," ती पदराच्या आतून म्हणाली.

"मागून कसा येईल? आपण पुढं चाललोय."

"मग माझ्या पदराला सांगा तसं."

मी गाडी बाजूला घेतली. ती पदर सावरत हसत होती आणि माझ्या अंगाला घाम सुटला होता, कारण तो पदर सारखा तिच्या डाव्या डोळ्यावर येऊन बसत होता. मी तिथं रस्त्याकडेला विचार करत बसलो आणि मग मला माझं रोजचं काम आठवलं. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं आणि पायथ्याशी उलटं फिरतं, बंधाऱ्याकडंच परत येतं. त्या भोवऱ्यात पोहणारी माणसं सापडतात म्हणून तिथं धोक्याची पाटी लावतात. त्या पाण्याचे बाण मी वर्षानुवर्षं नकाशात काढत होतो. काचेवरून गेलेला वारा तेच करत होता. मागच्या रिकाम्या जागेत पडून, वळून, आपल्या मानेवरून पुढं येत होता. काच जितकी उंच, तितका तो जोरात पडणार. म्हणजे अण्णांच्या डोळ्यासाठी मी केलेली सोय डोळ्याच्या मुळावरच उठली होती. हे कळल्यावर मी ॲक्रिलिक तिथंच उतरवलं.

मग मागं अडवायचं ठरलं. पुढच्या सीटांच्या पाठीमागं प्लायवुडची फळी उभी केली. वेग घेतल्यावर गाडी अशी घुमायला लागली की कानात दडे बसले. वारा फळीवर धडकत होता आणि बाजूंनी येत होता. बायकोनं कानावर हात ठेवले, यावरून मी काय ते समजलो.

जाळीचं सुचलं ते स्वयंपाकघरात. खिडकीला डासांसाठी नायलॉनची जाळी ठोकली होती. बाहेर झाड हलत होतं, पण आत गॅसची ज्योत हलत नव्हती. वारा अडवायचा नाही, त्याचा जोर काढून घ्यायचा, एवढीच गोष्ट होती. मी माळ्यावरून घडीची जुनी लोखंडी खाट काढली. तिची नवार केव्हाच कुजली होती, पण पाइपची चौकट शाबूत होती. मधल्या बिजागरीवर ती दुमडायची. त्या चौकटीवर नायलॉनची जाळी दुहेरी करून ताणली, कडेनं सुतळीनं शिवली. चौकट सीटांच्या मागं उभी करून वरातीच्या मखराच्या कड्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. गाडीचा रंग खरवडू नये म्हणून पाइपलाही ट्यूब गुंडाळली. वरचा अर्धा भाग बिजागरीवर खाली पाडता येत होता. वरातीच्या वेळी जाळी सोडावी लागणार नाही, नुसती दुमडली की झालं, म्हणून मला त्या बिजागरीचं फार कौतुक वाटलं.

पुन्हा माधवनगरचा रस्ता. या वेळी बायकोच्या हातात पेटलेली उदबत्ती दिली. ती म्हणाली, "देव्हारा केलात गाडीचा." पण वेग घेतल्यावर तीही गप्प झाली. उदबत्तीचा धूर तिच्या हनुवटीपर्यंत सरळ वर येत होता आणि मग सावकाश मोडत होता. पदर खांद्यावर पडलेला होता, हलत नव्हता. डोक्याच्या वर हात केला तर तिथं मात्र वारा झोंबत होता.

त्या दिवशी संध्याकाळी मला काही आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

डॉक्टरांना विचारलं. ते नाखुशीनं म्हणाले, "हळू जा. डोळ्यावर झाकण आणि वरून काळा चष्मा ठेवा. आणि धक्का बसू देऊ नका." जाळी लावल्यावर मागं कुणाला बसायला जागा उरत नव्हती. त्यामुळं बायको सामान घेऊन एसटीनं पुढं गेली आणि अण्णांबरोबर मी एकटा राहिलो. हे लक्षात आलं तेव्हा जेवणाची ती शांती संपली. ती मागं असती तर मी इतका घाबरलो नसतो, असं अजून वाटतं.

सकाळी ऊन आल्यावर निघालो. अण्णांनी पांढरं धोतर, बंडी, कोट आणि डोक्याला टोपी घातली होती. डाव्या डोळ्यावर भोकांचं झाकण, त्यावर काळा चष्मा. झाकणाच्या भोकांतून त्यांना जेवढं दिसत होतं तेवढ्यावर ते खूश होते. आष्ट्यापर्यंत मी इतका हळू गेलो की सायकलवाले वळून बघत होते.

"वरात हाय का रं ही?" अण्णा म्हणाले.

आष्ट्याच्या पुढं थोडा वेग घेतला. वारा वरून जात होता, अण्णांच्या टोपीची कडसुद्धा हलत नव्हती. दोन्ही बाजूंना ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम असल्यानं रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग होती. प्रत्येक ट्रॉलीमागं उसाच्या वाळक्या पाचटाचे तुकडे उडत होते. कुठं शेतात पाचट पेटवलेलं, त्याची काळी राख हवेत तरंगत होती. प्रत्येक तुकडा मला अण्णांच्या डोळ्याकडं येताना दिसायचा. तो काचेवरून उडून मागं जायचा, जाळीला चिकटायचा, आणि मी पुढच्याची वाट बघायचो. माझे हात स्टिअरिंगला असे आवळलेले होते की बोटं पांढरी पडली होती. मी एक शब्द बोलत नव्हतो. अण्णा काही विचारायचे, मी "हं" म्हणायचो.

"तुला बरं वाटतंय न्हवं?" त्यांनी एकदा विचारलं.

"हं."

"तोंड वाळलंय तुजं. पानी पी."

"थांबलो की पितो."

मग तेही गप्प झाले. इस्लामपूर मागं पडलं. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता, त्याच्यामागं मी अंतर ठेवून चाललो होतो. एवढ्यात मला डाव्या बाजूला काहीतरी चमकल्यासारखं दिसलं.

अण्णांच्या गुडघ्यावर पितळेची डबी होती.

माझ्या पेटीतली डबी माझ्या पेटीतच होती. ही दुसरी. ती त्यांनी कुठून मिळवली ते मला पुढंही कळलं नाही. त्यांनी झाकण उघडलं. चालत्या उघड्या गाडीत त्यांनी ते कधी केलं नसतं. एरवी झुळूक आली तरी ते तळहाताचा आडोसा करायचे. पण माझ्या जाळीनं तिथं घरातल्यासारखी हवा केली होती. डबीतली तपकीर कणभर उडाली नाही. त्यांनी चिमूट घेतली, अंगठ्याच्या नखावर ठेवली, आणि हात नाकाकडं न्यायला लागले.

"अण्णा," मी म्हणालो. आवाज फुटला नाही.

मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होतो. रस्त्याकडं बघत नव्हतो. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण घरात ते कुणी ऐकून घेत नाही. मी मान वर केली तेव्हा ट्रॅक्टर जागेवर थांबल्यासारखा झालेला होता आणि उसाची टोकं काचेला लागायच्या बेतात होती. मी ब्रेकवर सगळा जीव घातला.

गाडी थांबली, पण बिजागरी थांबली नाही. खाट दुमडते तशी ती दुमडली. तिचा वरचा अर्धा भाग पुढं येऊन अण्णांच्या पाठीत आणि डोक्यात बसला. ते पुढं गेले, डबीचा हात चेहऱ्याकडं गेला, आणि डबीतली सगळी तपकीर त्या निवांत हवेत उभी राहिली. ती हलेना. काय करावं, मी इतकी चांगली जाळी केली होती.

मग शिंका सुरू झाल्या. त्या माझ्या. एकामागून एक, डोळ्यांतून पाणी, छातीत कळ. मी शिंकत होतो आणि शिंकेच्या मधे मधे अण्णांकडं बघत होतो. त्यांनी दोन बोटांनी नाक घट्ट दाबून धरलं होतं. चेहरा लालबुंद झालेला. टोपी पायाशी पडलेली, चष्मा एका कानाला लटकलेला. झाकण जागेवर होतं, पण त्याच्या खालून पाण्याची एक ओळ गालावर उतरत होती.

"अण्णा, दिसतंय का?"

ते बोलले नाहीत. बोलले तर शिंक येईल म्हणून बोलत नव्हते, पण मला ते कसं कळणार?

"अण्णा, दिसतंय का?" मी परत विचारलं. मला वाटतं मी तेव्हा रडत होतो. शिंकांच्या पाण्यात ते मिसळून गेलं.

त्यांनी एक हात वर करून मला थांब अशी खूण केली. बऱ्याच वेळानं नाक सोडलं, तोंडानं श्वास घेतला. म्हणाले, "पानी येतंय. दिसतंय का न्हाई ते आता इचारू नगंस. चल."

मी जाळी मागं सारून ट्यूबनं बांधली. गाठ बसेना. ट्रॅक्टरवाला उतरून आला होता. "आवं, लागलं का?" म्हणत त्यानंच गाठ मारून दिली. तिथून कराडपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतो तो फक्त त्यांच्या गालावरचा ओला पट्टा. तो वाळतोय की वाढतोय एवढंच मी बघत होतो. पाण्याऐवजी काही दाट येतंय का, हेही. लग्न, वरात, नात, काही डोक्यात नव्हतं. हा माणूस आता अंधारात राहणार आणि मी त्याच्या समोर जेवणार, झोपणार, हसणार, हेच डोळ्यांपुढं येत होतं.

कराडमध्ये विचारत विचारत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी झाकण काढलं, दिवा लावून बघितलं. मी दाराशी उभा होतो. आत जायचं धैर्य नव्हतं.

"काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिंक आली," अण्णा म्हणाले.

"शिंक नाही," मी दारातून म्हणालो. "मी ब्रेक मारला. मागची चौकट यांच्या डोक्यात बसली."

"त्यो घाबरलाय," अण्णा डॉक्टरांना म्हणाले. "मी तपकीर वढली. मला शिंक आली."

डॉक्टरांना आमच्या भांडणात रस नव्हता. त्यांनी अण्णांपुढं बोटं धरली, अण्णांनी ती बरोबर सांगितली. मग मला बोलावून सांगितलं. टाके धरून आहेत. बाहुली मात्र एका बाजूला ओढल्यासारखी, गोल न राहता लांबट झालेली. हे ऑपरेशनच्या वेळचं असेल किंवा आताचं, ते सांगता येणार नाही. दिसेल. उजेडाचा त्रास होईल. "आणि तपकीर बंद," ते म्हणाले.

सांगलीच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ऑपरेशननंतर बाहुली गोल होती का? ते म्हणाले, होती असं आठवतंय. आठवतंय, एवढंच. त्या एका शब्दाला धरून मी बरीच वर्षं काढली. कधी त्यानं सुटलो, कधी बुडालो.

साताऱ्याला पोचलो तेव्हा दादा दारातच होता. मी गाडीतून उतरायच्या आत त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, बापाकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "म्या तपकीर वढली आन शिंकलो. ह्याच्या नाकात गेली, ह्यो माझ्यापेक्षा जास्त शिंकला." आणि दादा हसला. बायका बाहेर आल्या होत्या, त्याही हसल्या. तिथून ती गोष्ट तशीच सुरू झाली. लग्नघरात प्रत्येक पाहुण्याला सांगितली गेली. अण्णांनी चालत्या गाडीत तपकीर ओढली, आणि पुतण्याच शिंकून शिंकून अर्धा झाला. मी मधे बोलायला गेलो की लोक म्हणायचे, "तू जास्त मनाला लावून घेतोस." बायको तेवढी हसली नाही. तिनं रात्री जाळीच्या चौकटीकडं बघितलं आणि एकच विचारलं, "बिजागरी का ठेवली होती?" मी म्हणालो, दुमडायला सोपी.

वरात निघाली तेव्हा मीच गाडी चालवली. जाळी उतरवून ठेवली होती. मखर बांधला होता, बँड पुढं होता, माणसांच्या डोक्यांवरचे दिवे दोन्ही बाजूंनी. अण्णा चालत होते, गाडीच्या शेजारून, दादाच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांनी नातीकडं बघितलं ते मी आरशात पाहिलं. ते नीट बघत होते, सावकाश, जसं काही वाचत आहेत. मग ते माझ्या बाजूला आले.

"दिव्यांना शेपट्या दिसत्यात," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"परत्येक दिव्याला एक शेपूट. खालच्या अंगाला. बाहुली वाकडी झाली न्हवं." आणि मग, माझा चेहरा बघून, "आरं, बरं दिसतंय. दिवाळीगत."

मी पहिल्या गियरमध्ये होतो तरी गाडी बंद पडली.

लग्नाची धामधूम संपल्यावर एका दुपारी आम्ही दोघंच ओसरीवर होतो. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही शिंक आली असं का सांगता? तुम्ही नाक दाबून धरलं होतं. मी बघितलंय."

डबी आता नव्हती, पण बोटं खिशाकडं जाऊन आली.

"तुला सांगू का," ते म्हणाले. "मला तपकिरीची तल्लफ नव्हती. मला भ्या वाटत हुतं. तू लाकडागत बसलावतास. बोलंना, पानी पिईना. मला वाटलं, ह्याला कायतरी ठावं हाय. डाक्टरनं ह्याला सांगितलंय, डोळा जानार म्हनून, आन ह्यो मला सांगत न्हाई. म्हनून डबी काढली. हाताला कायतरी पायजे न्हवं."

मी त्यांची भीती वाटून घ्यायला निघालो होतो आणि माझीच त्यांना देऊन बसलो होतो. ब्रेक, बिजागरी, हे त्याच्या नंतरचं. हे मी दादाला सांगितलं नाही, कारण यावर कुणाला हसताही आलं नसतं.

"आता तरी मनातनं काढ," ते म्हणाले. "आन ती जाळी बसव. वाईच्या रस्त्याला जाऊन येऊ."

मी लगेच बसवली नाही. चौकट वेल्डिंगवाल्याकडं नेली, बिजागरीच्या जागी पाइप सांधून घेतला, ती आता दुमडत नव्हती. खाली गाडीच्या तळाला नटबोल्टनं आवळली. सगळं झाल्यावर स्वतः मागून दोन्ही हातांनी ढकलून बघितली. बायकोनंही ढकलून बघितली. मग एके सकाळी अण्णांना घेऊन निघालो.

रस्ता मोकळा होता. हळूहळू वेग घेतला. अण्णांनी एक हात डोक्याच्या वर काढला, वाऱ्यात बोटं पसरून धरली, आणि खाली घेतली. परत वर काढली.

"पळव की जरा," ते म्हणाले.

माझा पाय तिथंच अडला. बोटं स्टिअरिंगवर आवळायला लागली होती. अण्णांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"बोलत चालव," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"कायबी. ही जाळी कशी केली ते सांग."

मी सांगायला लागलो. ॲक्रिलिकची शीट, बायकोचा उलटा झालेला पदर, बंधाऱ्याखाली फिरणारं पाणी, स्वयंपाकघरातली न हलणारी ज्योत. बोलताना आवाज आधी घोगरा येत होता, मग नीट यायला लागला. वेग थोडा वाढला असावा, मी काट्याकडं बघितलं नाही. पदराच्या गोष्टीला ते हसले. उदबत्तीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मान मागं टेकली होती. काळ्या चष्म्यामुळं डोळे मिटलेत की उघडे ते दिसत नव्हतं. धोतराचा सोगा मांडीवर पडलेला होता, हलत नव्हता. त्यांना झोप लागली असं समजून मी बोलायचं थांबलो.

"पुढं?" अण्णा म्हणाले.